क्लच सिलिंडरचे माप बिलावर लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या जीपला पाच गिअरचा बॉक्स बसवणे, ऑटोमॅटिक बॉक्सची दुरुस्ती परवडत नाही म्हणून त्याच मॉडेलचा मॅन्युअल बॉक्स टाकणे, केबलच्या क्लचवर चालणाऱ्या गाडीला हायड्रॉलिक क्लचचा बॉक्स जोडणे, ही कामे मिरज, कुपवाड, कराड, सातारा इथल्या गॅरेजांना नवी राहिलेली नाहीत. बॉक्स मिळतो. बेल हाउसिंग, म्हणजे इंजिन आणि बॉक्स जोडणारे कवच, जुळवता येते. माउंटिंग वेल्ड होते, प्रोपेलर शाफ्ट कापून, बॅलन्स करून मिळतो. काम अडते ते हातात मावणाऱ्या दोन सिलिंडरांवर. क्लच तळापर्यंत दाबूनही रिव्हर्स टाकताना करकर होते, नाहीतर पेडल इतके जड होते की पसरणीचा घाट चढेपर्यंत डावा पाय भरून येतो. मग दोष बॉक्सवर ढकलला जातो, बॉक्स पुन्हा खाली उतरतो आणि मजुरी दुप्पट होते. खरा दोष बहुतेक वेळा मापात असतो, आणि ते माप पार्ट विकत घेतानाच चुकलेले असते. म्हणून हे पत्र गाडीमालक, मेकॅनिक आणि स्पेअर पार्टचे दुकानदार या तिघांसाठी आहे.

चुकीचे मूळ असे. क्लचचा खालचा सिलिंडर, म्हणजे स्लेव्ह, बॉक्सबरोबर येतो. कारण तो बेल हाउसिंगवर बसतो आणि त्याचा दांडा फोर्कवर, म्हणजे क्लच सोडवणाऱ्या तरफेवर, टेकतो. वरचा सिलिंडर, म्हणजे मास्टर, बॉडीचा असतो. कारण तो पेडलसमोर फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर, बसतो आणि पेडल दाबले की तेल स्लेव्हकडे ढकलतो. कारखान्यात ही जोडी एकत्र बसून ठरवलेली असते. बॉक्स बदलला की ती मोडते, आणि नवी जोडी दुकानाच्या काउंटरवर जमते. तिथे विचारले जाते ते फक्त गाडीचे नाव. ‘अमक्या गाडीचा क्लच पंप द्या’ एवढ्यावर मिळालेला पंप, म्हणजे मास्टर, बोल्टच्या भोकांना बसतो, दिसायला नवाकोरा असतो, पण तेल कमी तरी ढकलतो किंवा जास्त तरी.

बाजारात बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, अजूनही सुतात (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) बोलला जातो. पाच सूत म्हणजे १५.८७ मिमी, साडेपाच सूत १७.४६, सहा सूत म्हणजे पाऊण इंच १९.०५, साडेसहा सूत २०.६४ आणि सात सूत २२.२२ मिमी. एका सुताचा फरक कानाला किरकोळ वाटतो. पण तेल ढकलले जाते ते बोअरच्या वर्गाच्या प्रमाणात. १५.८७ चा वर्ग २५२, तर १९.०५ चा ३६३. म्हणजे एका सुताने तेल ४४ टक्के वाढले, आणि स्लेव्ह तोच असेल तर पायाला लागणारा जोरही तेवढाच वाढला. जिथे १२ किलोच्या दाबावर क्लच सुटत होता तिथे आता १७ किलो लागणार.

पुढचा हिशेब प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावा इतका उपयोगाचा आहे. पेडलची चाल १४० मिमी धरा. पेडलच्या पिनपासून पायापर्यंतचे अंतर आणि पिनपासून पुशरॉडपर्यंतचे, म्हणजे मास्टरचा पिस्टन ढकलणाऱ्या दांड्यापर्यंतचे, अंतर यांचे गुणोत्तर ५.५ धरा. पुशरॉड साधारण २५.५ मिमी आत जाईल. त्यातले अडीचेक मिमी पुशरॉडची मोकळी चाल आणि मास्टरमधले टाकीकडचे बारीक भोक बंद होण्यात खर्ची पडतात. कामाचे उरतात २३. मास्टर पाच सूत आणि स्लेव्ह सहा सूत असेल तर २३ ला २५२ ने गुणून ३६३ ने भागा: स्लेव्हचा दांडा १६ मिमी बाहेर येतो. फोर्कचे गुणोत्तर १.८ असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे प्रेशर प्लेटची बोटे दाबून क्लच सोडवणारे बेअरिंग, ८.९ मिमी सरकते. डायफ्रॅमच्या, म्हणजे बोटांसारख्या पात्यांची चकती-स्प्रिंग असलेल्या, बहुतेक प्रेशर प्लेटना साधारण ८ ते १० मिमी चाल लागते, म्हणजे ही जोडी जमली. आता तोच मास्टर ठेवून बॉक्सबरोबर सात सुताचा स्लेव्ह आला असे समजा. दांडा ११.७ मिमी येतो, बेअरिंग जेमतेम साडेसहा मिमी. क्लच पुरता सुटत नाही, इनपुट शाफ्ट फिरतच राहतो आणि रिव्हर्स करकरतो. तिथे मास्टर सहा सुताचा लावला की बेअरिंगची चाल ९.४ मिमी होते आणि तक्रार मिटते. बॉक्सला हातही लावावा लागत नाही.

उलट चूकही तितकीच महाग पडते. सहा सुताचा मास्टर आणि सहा सुताचा स्लेव्ह लावला तर बेअरिंग पावणेतेरा मिमी पुढे जाते. डायफ्रॅमची बोटे गरजेपेक्षा जास्त दबतात, कधी क्लच प्लेटच्या हबला घासतात, आणि स्लेव्हचा पिस्टन बोअरच्या तोंडापर्यंत येऊन तेल फेकू लागतो. अशा वेळी पेडलखाली स्टॉपर लावून चाल कमी करता येते, पण पेडल जडच राहते. जोडी जुळवताना शक्यतो स्लेव्ह बॉक्सचा आहे त्याच मापाचा ठेवावा आणि मास्टर बदलावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्लेव्हच्या दांड्याची लांबी, त्याचा कोन आणि फोर्कची जागा एकमेकांत गुंतलेली असतात. मास्टरला फार तर दोन बोल्टची अडॅप्टर प्लेट लागते.

काउंटरवर जाताना जुना पार्ट आणि वर्निअर बरोबर न्यावा. बऱ्याच सिलिंडरांच्या अंगावर बोअर ओतलेला किंवा पंच केलेला असतो, कुठे इंचात, कुठे मिमीमध्ये. नसेल तर सर्क्लिप काढून बोअर मोजावा. दोन बोल्टमधले अंतर, पुशरॉडची लांबी, टोकाला गोळा आहे की यू-क्लेव्हिस, आणि पाइप जिथे बसतो तिथले आटे, ही मापेही लागतात. यातले आटे सर्वांत फसवे. एम १० × १ (१० मिमी, पिच १) आणि तीन सूत २४ आटे (इंचाला २४) हे दोन नट शेजारी ठेवले तर डोळ्याला सारखे दिसतात. तीन सूत म्हणजे ९.५३ मिमी, पिच १.०६. हा नट एम १० च्या भोकात जातो, दोनतीन फेरे पकडतोही. पण आवळताना आटे मारतो, नाहीतर क्लच दाबल्यावर सुटतो. त्या घडीला आतला दाब ३० बारच्या पुढे असतो. पाइपच्या पसरवलेल्या टोकाचे, म्हणजे फ्लेअरचेही तसेच. अमेरिकी वळणाच्या जुन्या जीपमध्ये डबल फ्लेअर, तर नव्या बऱ्याच गाड्यांत बबल फ्लेअर. एकाच्या बैठकीत दुसरा कितीही आवळला तरी पाझरतोच, आणि जास्त आवळला तर बैठकच चिरडते.

पाइपबद्दल जरा सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्या भागात इथे एक खास चूक होते. उसाच्या पट्ट्यात ट्रॅक्टर, ट्रॉली, हार्वेस्टर, जेसीबी यांचे हायड्रॉलिक होज दाबून देणारी दुकाने गावोगावी आहेत आणि त्यांचे काम उत्तम असते. पण तो होज खनिज तेलासाठी असतो. त्याच्या आतले रबर नायट्राइल. क्लचमध्ये डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल असते, ते ग्लायकॉलचे. नायट्राइल त्यात फुगते, मऊ पडते, आतून सोलते आणि ते बारीक काळे कण मास्टरचे भोक बुजवतात. वरून होज ठणठणीत दिसतो, पेडल मात्र दिवसेंदिवस खाली जात राहते. दुसऱ्या टोकाला फ्रीज-एसीची तांब्याची नळी. वाकवायला सोपी म्हणून ती वापरली जाते, पण इंजिनच्या थरथरीने तांबे कडक होते आणि फ्लेअरच्या मुळाशी तडकते. स्टीलचा ब्रेक पाइप किंवा तांबे-निकेलचा पाइप घ्यावा, दीड सुती म्हणजे ४.७५ मिमी, काही गाड्यांना दोन सुती लागतो. बॉडी आणि बॉक्स यांच्यामध्ये मात्र ब्रेक-क्लचचाच लवचीक होज हवा, कारण इंजिन आपल्या माउंटिंगवर हलत असते. पाइप सायलेन्सर आणि टर्बोपासून दूर न्यावा. कोऱ्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण पाणी शोषलेल्या तेलाचा तो १५५ पर्यंत उतरतो. कुंभार्ली घाटात ट्रकांच्या रांगेमागे वारंवार क्लच दाबावा लागतो तेव्हा गरम पाइपमधले जुने तेल उकळते, वाफ होते आणि पेडल एकदम तळाला जाते.

हीच गोष्ट ऑइलची. सिलिंडरची बकेट, म्हणजे रबरी कप, ब्रेक ऑइल सोसणाऱ्या रबराची असते. त्यात इंजिन ऑइल, स्टीअरिंग ऑइल किंवा ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक ऑइल थोडे जरी गेले तरी ती फुगून बोअरमध्ये अडकते. पार्ट डिझेल-रॉकेलमध्ये धुण्याची सवय इथे घातक ठरते. ब्रेक ऑइलनेच किंवा स्पिरिटने पुसावे. चुकून खनिज तेल गेलेच तर नुसते धुऊन भागत नाही. दोन्ही सिलिंडरांची किट, म्हणजे रबरी भागांचा संच, आणि होज बदलावाच लागतो. सिलिकॉनचे डॉट ५ ही डॉट ३ किंवा डॉट ४ मध्ये मिसळू नये.

जुन्या जीपवर आणखी एक चूक नेहमी दिसते. ब्रेकचा जुना एकेरी मास्टर घरात पडलेला असतो, बोअर जुळतो, म्हणून तोच क्लचला लावला जातो. ड्रम ब्रेकच्या अशा मास्टरमध्ये तोंडाशी चेक व्हॉल्व्ह असतो. पाय काढल्यावरही लाइनमध्ये थोडा दाब राहावा म्हणून. ब्रेकला तो हवा असतो. क्लचला लावला की रिलीज बेअरिंग कायम बोटांवर दबलेले राहते, क्लच अर्धवट घसरतो आणि प्लेट जळते. तो व्हॉल्व्ह काढल्याशिवाय असा मास्टर क्लचला चालत नाही.

क्लच घसरण्याचे आणखी एक कारण पुशरॉडमध्ये असते. पेडल पूर्ण वर असताना पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात एखादा मिमी मोकळीक हवीच. नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडचे बारीक भोक झाकलेले राहते, इंजिनच्या उष्णतेने फुगलेल्या तेलाला परतीची वाट मिळत नाही आणि ते तेलच क्लच दाबू लागते. ओळख सोपी आहे: गाडी तापून क्लच घसरू लागला की स्लेव्हचा हवा काढायचा निप्पल क्षणभर उघडावा. तेलाची चिळकांडी उडून क्लच पकडला तर दोष वरच्या मास्टरमध्ये किंवा पुशरॉडच्या लांबीत आहे. प्लेट बदलायची गरज नाही. पुशरॉड बोअरच्या सरळ रेषेतही हवा. तिरका असेल तर बकेट एका बाजूने झिजते आणि तेल पेडलवरून चटईत उतरते.

फायरवॉलचा पत्रा पातळ असतो हे विसरले जाते. पेडल दाबताना मास्टर बाहेरून बघावा. तो २ मिमी जरी पुढे झुकला तरी २३ मिमीच्या चालीतले तेवढे गेले. आतून आणि बाहेरून ३ मिमीची प्लेट लावून मास्टर त्यांच्यात आवळावा. ऑटोमॅटिक गाडीत काम करताना आधी फायरवॉलवर झाकणपट्टी किंवा दाबलेला खोलगट भाग आहे का ते पाहावे. एकाच बॉडीत दोन्ही प्रकार निघत असतील तर मास्टरची जागा बऱ्याचदा कारखान्यातूनच आखलेली असते. तेलासाठी ब्रेकच्याच टाकीतून नळी घ्यायची असेल तर टाकीवरचे क्लचच्या नळीचे नाक ब्रेकच्या पातळीपेक्षा वर असले पाहिजे. स्लेव्ह गळून क्लचचे तेल संपले तरी ब्रेकला तेल उरावे, यासाठीच ते वर दिलेले असते. टाकीला खालून भोक पाडून नळी चिकटवणे हा जिवाशी खेळ आहे. जागा नसेल तर क्लचला स्वतंत्र छोटी टाकी लावावी.

केबलचा क्लच हायड्रॉलिक करताना एक साधी गोष्ट तपासावी लागते. केबल फोर्क ओढते, स्लेव्ह ढकलतो. म्हणून स्लेव्हचा ब्रॅकेट फोर्कच्या दुसऱ्या बाजूला येतो, आणि तो जाड पट्टीचा, दोन ठिकाणी धरलेला हवा. एका बोल्टवरचा ब्रॅकेट दाबाखाली वळतो आणि चाल खातो.

क्लच किट निवडताना नियम वेगळा. क्लच प्लेटच्या आतले दात बॉक्सच्या इनपुट शाफ्टप्रमाणे, प्लेटचा व्यास आणि प्रेशर प्लेट फ्लायव्हीलप्रमाणे, रिलीज बेअरिंग बॉक्सच्या नळीप्रमाणे आणि त्याचे तोंड प्रेशर प्लेटच्या बोटांप्रमाणे. ऑटोमॅटिकच्या इंजिनावर फ्लायव्हीलऐवजी पातळ फ्लेक्सप्लेट असते. तिचे बोल्ट आखूड असतात, ते फ्लायव्हीलला वापरू नयेत. क्रँकच्या टोकाला पायलट बेअरिंगची, म्हणजे इनपुट शाफ्टचे टोक धरणाऱ्या बेअरिंगची, बैठक तयार आहे का, हेही बॉक्स विकत घेण्यापूर्वी पाहावे. काही इंजिनांत ती नसते आणि मग लेथवर बुश करावा लागतो.

स्लेव्ह मागे किती सरकू शकतो, हेही नवी प्लेट बसवतानाच पाहावे. प्लेट झिजते तशी डायफ्रॅमची बोटे बेअरिंगकडे येतात, आणि प्लेटच्या एका मिमीच्या झिजेला बोटे तीनचार मिमी सरकतात. स्लेव्ह आधीच तळाला टेकलेला असेल तर काही महिन्यांत क्लच घसरू लागतो आणि सगळे प्लेटला नावे ठेवतात. काही स्लेव्हमध्ये आत स्प्रिंग असते आणि बेअरिंग बोटांना सतत हलके टेकलेले राहते. काहींना फोर्कवर बाहेरून परतीची स्प्रिंग असते आणि मोकळी चाल ठेवावी लागते. या दोन पद्धती एकाच गाडीत मिसळू नयेत.

इनपुट शाफ्टभोवती बसणारा गोल स्लेव्ह असलेले बॉक्स आता भंगार बाजारात बरेच येतात. त्यात फोर्क नसतो, वजन आणि जागा वाचते. पण तो गळला तर पूर्ण बॉक्स उतरवावा लागतो. म्हणून तो जुना वापरूच नये. बॉक्स इंजिनाला जोडण्यापूर्वी पेडल दाबले तर त्याचा पिस्टन बाहेर निसटतो आणि नवा पार्ट वाया जातो, हे मदतनीस पोरांना आधीच सांगून ठेवावे.

भंगारातून काय घ्यावे आणि काय नाही? पेडल बॉक्स, फोर्क, ब्रॅकेट, बेल हाउसिंग खुशाल घ्यावे. मास्टर आणि स्लेव्ह नवेच घ्यावेत. महाबळेश्वर-पाटणच्या पावसात फिरलेल्या गाडीचे तेल पाणी शोषते आणि बोअरला आतून गंजाचे खड्डे पडतात. नखाने चाचपले की लागतात. अशा बोअरमध्ये नवी किट टाकली तर ती काही आठवडे टिकते. होनिंग करून, म्हणजे बोअर आतून घासून, खड्डे जात नाहीत, बोअर मात्र मोठा होतो. नवा घेतानाही पाकिटाची छपाई, ओतकामाचा खरखरीतपणा, पार्ट नंबर आणि पक्के बिल पाहावे. नकली मालात बोअर बरोबर असतो, बकेटचे रबर हलके असते.

हवा काढण्यावरून अर्धे दिवस जातात. कारण बहुधा एकच: स्लेव्ह दुसऱ्या बाजूच्या गाडीचा असतो, उलटा बसतो आणि त्याचा निप्पल खाली येतो. हवा वर राहते, तेल खालून निघते. निप्पल सर्वांत वर हवा, नाहीतर स्लेव्ह सोडून, पिस्टन आत दाबून धरून, निप्पल वर करून हवा काढावी. पाइपमध्ये मध्येच उंच कमान असेल तर तिथेही बुडबुडा बसून राहतो. मोठ्या सिरिंजने निप्पलमधून तेल हळूहळू वर टाकीकडे ढकलणे ही सर्वांत खात्रीची पद्धत. त्याआधी टाकी अर्धी रिकामी करावी. अर्धा लिटरची सीलबंद बाटली पुरते. उघडी पडलेली जुनी बाटली वापरू नये.

कायद्याबद्दल थोडे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. गाडी एमएच १० (सांगली), ११ (सातारा) असो वा ५० (कराड), काम सुरू करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी यांना लेखी विचारावे. बॉक्स उतरवल्यानंतर विचारून उपयोग नाही.

आमच्या मागण्या दोन आहेत. आयटीआयच्या मेकॅनिक मोटार व्हेईकल ट्रेडमध्ये सिलिंडर खोलून किट बदलायला शिकवले जाते; त्याच टेबलावर बोअर मोजून जोडीचा हिशेब करायलाही लावावा. आणि स्पेअर पार्टच्या दुकानदारांनी क्लच सिलिंडरच्या बिलावर गाडीच्या नावाबरोबर बोअर, आटे आणि पार्ट नंबर लिहावा. तेल लागलेला सिलिंडर दुकानदार परत घेत नाही आणि ते बरोबरच आहे. म्हणून वर्निअर काउंटरवरच, पाकीट उघडल्या उघडल्या लावू द्यावा.

आपले,
गिअरबॉक्स व क्लचची कामे करणारे काही मेकॅनिक,
मिरज-कुपवाड, जि. सांगली